चौथी 'ब'साठी एक गाणं

४ जुलै

प्रिय टिटवे,

हे पत्र कामाचं आहे. फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून रेकॉर्ड कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. पाकिटावर शाळेचा शिक्का मुद्दाम मारलाय. नुसतं माझं नाव बघून तू ते उघडलंच नसतंस.

तुझं 'पायऱ्या' हे गाणं वर्गात शिकवायला परवानगी हवी आहे.

मी अजून त्याच प्राथमिक शाळेत आहे, तळमजल्यावरच्या त्याच लांबट खोलीत. एका टोकाला कीबोर्ड, दुसऱ्या टोकाला मोडक्या खुर्च्यांचा ढीग. बावीस वर्षं झाली. त्यातली एकवीस वर्षं मी एकच गाण्यांचं पुस्तक शिकवलं. बेचाळीस गाणी. सूर्य, झाड, स्वच्छता, शिस्त. पोरं माशांसारखी तोंडं उघडमीट करायची आणि माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. गेल्या वर्षी एकदा वऱ्हांड्यात तिघी जणी चालता चालता एक गाणं म्हणताना ऐकल्या. हल्लीच्या कुठल्याशा गायिकेचं, रेडिओवर सारखं लागतं ते. श्वास कुठे घ्यायचा, टाळी कुठे चुकवायची, खालचा सूर कुणी धरायचा, सगळं चोख. माझ्या तासाला याच तिघी बेसूर! त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

म्हणून यंदा बुटांच्या खोक्याला फट पाडून ते वर्गात ठेवलं. ज्याला जे गाणं शिकायचंय त्यानं त्याची चिठ्ठी टाकायची. अट एकच, गाणं बाईनं गायलेलं हवं. पोरगे कुरकुरले. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, कारण विचारलं. मी म्हटलं, बाईचा आवाज पोरांच्या आवाजाला जवळचा असतो. पुरुषाचं गाणं लावलं की पोरं हनुवटी गळ्यात खुपसून घोगरी होतात, नाहीतर एकदम वर उडी मारून किंचाळतात. हे खरंच आहे. दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. त्या बेचाळीस गाण्यांत बाईनं लिहिलेलं एकही गाणं नाही, हे माझ्या एकवीस वर्षांनी लक्षात आलं.

चौथी 'ब'च्या चौतीस चिठ्ठ्यांपैकी नऊ तुझ्या गाण्याच्या निघाल्या. पोरं जिन्यावरून उड्या मारताना ते म्हणतात. मी कुणाला सुचवलं नव्हतं. ती गायिका माझी बहीण आहे हे शाळेत कुणालाच माहीत नाही.

मूळ पट्टीत ध्रुवपदाला पोरांचे गळे फाटतात. दोन सूर खाली उतरवायची मुभा असावी.

आई ठीक आहे. बाबा गेल्याचं कळवलं होतं, ते पोचलं असेल.

ताई


२६ जुलै

प्रिय टिटवे,

परवानगी मिळाली. टाइप केलेली एक ओळ, 'शैक्षणिक वापरास हरकत नाही', खाली कुणातरी कारकुनाची सही. आभार. माझं पत्र तुझ्या हातात पडलं की वरच्यावर कारकुनानंच निकालात काढलं, काही कळायला मार्ग नाही. तरी लिहितेय. गाणं वर्गात कसं उतरलं ते गाणं लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं.

पहिल्या दिवशी नुसतं ऐकवलं. मग फळ्यावर लिहिलं.

एक पायरी, दोन पायरी, कोण येतंय वर?
तीन पायऱ्या, चार पायऱ्या, उशी तोंडावर धर.
पाच पायऱ्या, सहा पायऱ्या, मोजत राहा गं,
सात झाल्या, आठ झाल्या...

आणि पुढे तू ठेवलेली ती एक मोकळी जागा. विराम म्हणजे काय हे मी इतकी वर्षं खडू आपटून आपटून शिकवत आले. या गाण्यानं पाच मिनिटांत शिकवलं. आठव्या ठोक्यानंतर चौतीस पोरं श्वास रोखून थिजतात, आणि वाद्यं सुरू झाली की एकदम ओरडतात. त्यांना तो लपाछपीचा खेळ वाटतो. एकानं विचारलं, "बाई, वर कोण येतंय? भूत?" मी म्हटलं, "असेल." वर्ग हसला.

"हे गाणं त्या बाईंनी स्वतःच लिहिलंय?" हाही प्रश्न आला. हो म्हटल्यावर दोन मुलींनी एकमेकींकडे असं बघितलं, जसं काही त्यांना कुणी लपवलेला खाऊ दाखवलाय.

मग मी सगळ्यांना गृहपाठ दिला. याच चालीवर आपल्या घराचं एक कडवं लिहा. कुत्रा, पंखा, आजोबांचं घोरणं, हवं ते. मजेशीर मजेशीर आलं. एक मुलगी आहे, तिसऱ्या बाकावरची. गाल फुगवून बसते म्हणून पोरं तिला खारूताई म्हणतात. बोलते कमी, पण ताल असा की मी कीबोर्डवर चुकले तर तीच मला पायानं सावरून घेते. तिनं लिहिलं होतं:

आमच्या घरी पायऱ्या नाहीत, किल्ल्या वाजतात,
आई म्हणते डोळे मीट, कान उघडे राहतात.

मी खाली 'छान! यमक जमलं' असं लिहून चांदणी काढली.

तास संपल्यावर ती मागे थांबली. वही छातीशी धरून म्हणाली, "बाई, गाणं लिहिणाऱ्या त्या बाई आता कुठे राहतात?"

"लांब."

"त्यांच्या घरी आता कोणी येत नाही ना?"

मी म्हटलं, "अगं, ते नुसतं गाणं आहे बाळा."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. गोड पोर आहे. तिचे वडील म्हणजे शाळेसमोरच्या कोपऱ्यावरचे औषधवाले, पालक समितीचे सचिव. फार मृदू बोलतात. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की न सांगता घरी पाठवतात.

घरी गाण्याचा सराव करत होते तर आई आतून म्हणाली, "ते गाणं या घरात नको." ऐकू कमी येतं म्हणून आपण तिला ओरडून सांगतो, पण हे तिला दोन खोल्यांपलीकडून बरोबर ऐकू आलं.

ताई


१२ ऑगस्ट

प्रिय टिटवे,

तुझ्या गाण्यावरून शाळेत थोडी धुसफूस झाली. आता मिटलंय, काळजी नको. कळवायचं म्हणून कळवते.

पालक समितीनं अर्ज दिला. एकोणीस सह्या. 'चौथीच्या कोवळ्या मुलांना बाजारू गायिकांची भडक गाणी शिकवली जातात, त्यातून घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी भीती आणि अनादर उत्पन्न होतो.' अक्षर औषधवाल्यांचंच, ठसठशीत, बाटलीवर डोस लिहावा तसं. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. ते आधीच येऊन बसले होते. मी आत गेले तर उठून उभे राहिले, माझ्यासाठी खुर्ची ओढली.

म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सांगा, हे गाणं कशाबद्दल आहे?"

मी म्हटलं, "मोजण्याबद्दल."

"वर कोण येतं?"

मोठ्या बाई टेबलावरची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "हे बघा, पुढच्या महिन्यात तुमच्या कायमच्या नेमणुकीचा कागद वर जाणार आहे. आत्ता हे कशाला?" तू म्हणशील बावीस वर्षं झाली, अजून कायम कशी नाही. संगीताच्या शिक्षकाला दरवर्षी नव्यानं नेमतात. संगीत हा त्यांच्या लेखी विषयच नाही, रिकामा तास भरायची सोय आहे.

मी माझी बाजू मांडली. मुलांना गाणं किती भिडलंय, त्यावर ती किती छान लिहितायत हे सांगितलं. एकदोन वह्या दाखवल्या. औषधवाल्यांनी वाचलं, हसले. म्हणाले, ठीक आहे, तुमचा हेतू वाईट नाही. अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला. मी कबूल केलं की हे गाणं पुढे घेणार नाही. बाकीची घेईन, पण शब्द आधी समितीला दाखवून. एवढंच. टाळी दोन्ही हातांनी थोडी थोडी वाजली आणि थांबली.

खोकं मात्र मी अजून उचललेलं नाही.

खारूताई पाच दिवस आलेली नाही. ताप असेल. वर्गात निम्मी पोरं खोकतायत.

तुझ्याविषयी मी तेव्हा फार वाईट बोलले. वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला तेव्हाचं म्हणतेय. त्यानं विचारलं, "तुमच्या बहिणीचं गाणं तुमच्या घराविषयी आहे का?" आणि मी म्हणाले, "तिला लहानपणापासून गोष्टी रचायची सवय आहे." ते छापून आलं, आणि तुझा फोन त्यानंतर कधीच आला नाही. त्यावर काही लिहावं असं मनात होतं, पण आज नको. पान संपलं.

ताई


८ सप्टेंबर

टिटवे,

खारूताई अकराव्या दिवशी आली. डाव्या कानात कापूस. "पोहायला गेले होते, कानात पाणी गेलं," तिनं मी न विचारताच सांगितलं. पाठ केलेल्या धड्यासारखं.

त्या दिवशी दुसऱ्या एका गायिकेचं साधं चालण्याचं गाणं घेतलं होतं. पोरं गोल फिरत ठोक्यावर पाय आपटतात. ती एक ठोका मागे पडत होती. मग दोन. माझा सगळ्यात पक्का ताल, आणि तो खोलीभर इकडेतिकडे घरंगळत होता. मी ओरडले, "लक्ष कुठे आहे?" ती थांबली आणि माझ्याकडे बघण्याऐवजी खिडकीकडे बघायला लागली. आवाज कुठून आला हे तिला समजलं नव्हतं.

मी सूरकाटा घेतला. तो लोखंडी चिमट्यासारखा असतो, आपटला की एकच सूर गुणगुणतो. तिला पाठमोरं उभं केलं, उजव्या कानाशी धरला. तिनं बोट वर केलं. डाव्या कानाशी धरला. बोट खालीच. पोरांना वाटलं खेळ आहे, रांग लावून उभी राहिली. सगळ्यांचं बोट दोन्ही वेळा वर गेलं.

आमच्या शाळेत आठवड्यातून दोनदा नर्सबाई येतात. जाडजूड, फटकळ, कुणाची भीड न ठेवणाऱ्या. मी तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी कापूस काढला, वास घेतला. केस बाजूला करून मानेवर बघितलं. मग तिला पाणी प्यायला बाहेर पाठवून मला म्हणाल्या, "हे पोहण्याचं नाही. पडदा फाटून आत पू झालाय, दहाबारा दिवस तरी झाले असतील. डॉक्टरांकडे नेलेलंच नाही, दुकानातले थेंब घालून ठेवलेत. आणि मानेवर चार बोटं आहेत, जुनी." मग विचारलं, "बाई, तुम्हाला ही पोर कधी काही बोलली का?"

मी नाही म्हटलं.

तीन वेळा विचारलं त्यांनी, वेगवेगळ्या शब्दांत. तिन्ही वेळा नाही.

घरी येऊन आईला चहा दिला, तिच्या गोळ्या काढल्या. पाकिटावर त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळी एक, जेवणानंतर'. ते पाकीट हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. आई म्हणाली, "चहा गार झाला."

ताई


२१ सप्टेंबर

टिटवे,

आज सगळं सरळ लिहायचं ठरवलंय. मागच्या पत्रांत मी खोटं लिहिलं नाही, पण खऱ्याला वळसा घालून गेले. तुला माझी ही खोड माहीत आहे.

नर्सबाई माझ्यासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी त्याच दिवशी बालसंरक्षण कार्यालयात कळवलं. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डाव्या कानानं आता ऐकू येणार नाही. वेळेवर आणली असती तर कान वाचला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. वेळेवर म्हणजे त्या अकरा दिवसांत. ते अकरा दिवस मी वर्गात तिच्या रिकाम्या जागेकडे बघून ताप, ताप म्हणत होते.

आता ते ऐक, जे मी ऑगस्टमध्ये 'एकदोन वह्या दाखवल्या' असं म्हणून झाकलं.

मी एकदोन वह्या दाखवल्या नाहीत. एकच दाखवली. औषधवाले विचारत होते, "वर कोण येतं?" आणि मोठ्या बाई काच पुसत होत्या, आणि मला माझ्या नेमणुकीचा कागद दिसत होता. मी गठ्ठ्यातून तिची वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "माझ्या गाण्यावर नाराज आहात, पण वर्गातलं सगळ्यात छान कडवं तुमच्याच मुलीनं लिहिलंय." मला वाटलं, बाप खूश होईल. नाही, थांब. हेही खोटं. मला त्या क्षणी माहीत होतं. ते कडवं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच माहीत होतं. किल्लीचा आवाज ऐकून कान टवकारणारी पोर मी ओळखणार नाही तर कोण? मी तसल्याच घरातली आहे. मला त्या खोलीतून सुटायचं होतं, आणि हाताशी तीच होती.

त्यांनी ते दोन वेळा वाचलं. मग हसले आणि म्हणाले, "हुशार आहे आमची पोर." वही मिटून खिशात घातली. अर्ज परत घेतला. जाताना मला नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

हे मी बालसंरक्षणच्या अधिकारीबाईंना सांगितलं. जबाब द्यायला बोलावलं होतं. बाहेर बाकावर मोठ्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तेवढं वहीचं सोडून बाकी सगळं सांगा. त्यानं कुणाचं भलं होणार आहे? शाळेचं नाव, तुमची नोकरी..." आत अधिकारीबाई तरुण होत्या, तुझ्या लेकीच्या वयाच्या असतील, तुला लेक असेल तर. त्यांनी विचारलं, "घरी मारहाण होते हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "वहीतलं वाचलं तेव्हा." "मग तुम्ही काय केलंत?" मी वहीचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही ती वही त्यांच्याच हातात दिलीत?" मी हो म्हटलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आणि टिटवे, असं मी आधीही एकदा केलंय. तू तेरा वर्षांची होतीस, मी सतरा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तू सगळं सांगितलं होतंस आणि त्या तुला त्यांच्या बहिणीकडे ठेवणार होत्या. तू मला विश्वासात घेऊन सांगितलंस, शपथ घालून. दुसऱ्या दिवशी बाबा तुझ्या आधी घरी आले होते. तुझा हात मोडला. दवाखान्यात आपण सगळ्यांनी 'जिन्यावरून पडली' म्हणून सांगितलं. तुला इतकी वर्षं वाटत असेल की काकूंनीच घात केला. काकूंनी नाही. बाबांना मी सांगितलं. ते मला कधी मारायचे नाहीत हे तुला माहीत आहे. मला पियानो शिकवायचे, माझ्या बोटांवर हात ठेवून. तू गेलीस तर ते कुणाला मारतील, हा हिशेब मी सतराव्या वर्षी करून टाकला होता. भीती होती म्हणून सूट मागत नाही. ती तुलाही होती, आणि तू माझं नाव कधी पुढे केलं नाहीस.

आईला काल सांगितलं, जेवणाच्या टेबलावर. वहीचंही आणि तुझंही. ती ताटातलं संपवत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा त्यांना सांगितलंस, आता परक्यांना सांगतेस. तुझं तोंड नेहमी चुकीच्याच वेळी उघडतं." आणि ताट घेऊन उठली. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. मला मदत करू दिली नाही.

ताई


१७ नोव्हेंबर

टिटवे,

तुझं उत्तर नाही. ते मागत नाही. पण सुरू केलेली हकीकत अर्धी सोडणं बरं नव्हे.

मला सप्टेंबरअखेर कामावरून कमी केलं. नव्या नेमणुकीचा कागद वर गेलाच नाही. माझ्या जागी ते बेचाळीस गाण्यांचं पुस्तक परत आलंय म्हणे, शिकवायला खेळाचे सर. मोठ्या बाई आता रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूनं जातात.

औषधवाले जामिनावर सुटले. दुकान उघडं आहे. रांग पूर्वीइतकीच. बायको म्हणते, पोर बाथरूममध्ये घसरली, आणि तशी सहीही करून दिली. ती रोज दुकानात त्यांच्या शेजारी बसते, गोळ्यांची पाकिटं कापून देते. निकाल कधी लागेल, लागला तर काय लागेल, कुणी सांगू शकत नाही. एकोणीस सह्या करणाऱ्यांपैकी दोघं घरी येऊन मला म्हणाले, "तुमच्या त्या गाण्यानंच पोरीच्या डोक्यात भरलं." मी दार लावून घेतलं.

खारूताई मावशीकडे आहे, तीन तासांच्या अंतरावर. अधिकारीबाईंची परवानगी काढून मी काल गेले होते. मावशी शिंपीकाम करते. छोटं घर, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, सगळीकडे कापडाचे तुकडे. तिनं मला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. म्हणाली, "बोला काय ते. दहा मिनिटं." आणि यंत्रावर बसली. चालवलं नाही. ऐकत बसली.

पोर आतून आली. केस कापलेत, मुलासारखे. गाल फुगवत नाही आता. माझ्या उजवीकडे येऊन बसली, मग उठली, खुर्ची फिरवून दुसऱ्या बाजूनं बसली, चांगला कान माझ्याकडे करून. मी तिच्यासाठी काही नेलं नव्हतं. काय न्यायचं तेच कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "मी तुला एक सांगायला आलेय. तुझी वही तुझ्या बाबांना मी दिली."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. परत परत."

मी म्हटलं, "मला कळलं होतं गं, तुझ्या घरी काय होतं ते. तरी दिली. माझी चूक झाली असं म्हणणार नाही. चूक नकळत होते."

मावशीनं यंत्रावरून एक दोरा काढून बोटाला गुंडाळला. मग पोरीनं विचारलं, "तुम्ही आता शाळेत नाही?"

"नाही."

"दुसऱ्या शाळेत जाणार?"

एका शाळेनं खरंच विचारलंय. गावाबाहेरची, लहान मुलांची, तिथे इथलं कुणाला माहीत नाही. मी कुणाला बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही. तिला म्हटलं, "एक जण बोलावतायत."

"गाणंच शिकवायला?"

"हो."

ती म्हणाली, "नका शिकवू."

रागानं नाही म्हणाली, टिटवे. त्या खुर्चीवर बसू नका, पाय मोडलाय, असं आपण कुणाला सांगतो ना, तशी. मावशीनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मी इतकी वर्षं दुसरं काही केलेलं नाही, मला दुसरं काही येत नाही, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी मान हलवली. ती तशीच बघत राहिली, माझ्या तोंडाकडे. नुसत्या मान हलवण्यावर तिचा आता विश्वास नसावा. मग मी तिच्या चांगल्या कानाकडे वाकले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नाही शिकवणार."

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

ताई